दाजी आणि ठकी: टीव्हीतल्यासारख्या बोलक्या बाहुल्या घरी बनवताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी (पुणे, जून ते सप्टेंबर २०२५)

७ जून, शनिवार

ठरलं ते असं: दोन बाहुल्या, बारा मिनिटांचा खेळ, सोसायटीच्या गणपतीत. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला बुधवारी आहे. खेळ शनिवारी ३० तारखेला संध्याकाळी ठेवला, कारण रविवारी गौरी येतात आणि त्या संध्याकाळी घराघरांत कुणालाच उसंत नसते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना मुलांचा कार्यक्रम 'किलबिल' आठवतो, बाहुल्या बोलवणारे रामदास पाध्ये आठवतात आणि त्यांचा बाहुला अर्धवटराव तर आठवतातच. रामदास यांचे वडील यशवंत पाध्ये यांचा हा बाहुला १९१६ चा, म्हणजे टीव्हीच्या कितीतरी आधीचा. पण बहुतेक घरांत तो आला तो पडद्यातूनच. म्हणून खेळ थेट मंचावर करायचा नाही. शेजारच्या खोलीत करायचा, हॉलमधल्या टीव्हीवर दाखवायचा, आणि मुलांनी टीव्हीसमोर बसून बाहुल्यांशी बोलायचं.

बाहुल्या दोन प्रकारच्या. दाजी हा मांडीवर बसणारा, शब्दभ्रमाचा, म्हणजे धरणाऱ्याने ओठ न हलवता त्याच्या तोंडून बोलायचं. डोकं कागदाचं, जबडा खटक्याने हलणारा. ठकी फोमची, हात घालून तोंड हलवायची. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांसारख्या कळसूत्री बाहुल्यांचाही विचार झाला, पण त्या वरून दोऱ्यांनी चालतात. कॅमेऱ्याची चौकट लहान ठेवली की वरचा हात आणि दोरे सांभाळणं अवघड, शिवाय बोलणारं तोंड हवं होतं. तो विचार सोडला.

या वर्षी पाऊस मेअखेरीसच आला आहे. कागदाचं काम पावसाळ्यात करू नये हे कुणीही सांगेल. गणपतीत खेळ हवा असेल तर दुसरा इलाज नाही.

८ जून

दाजीचं डोकं शाडूत घडवलं. या दिवसांत पुण्यात शाडू सहज मिळते, पाच किलो दीडशे रुपयांना. हनुवटीपासून टाळूपर्यंत उंची २१ सेमी, रुंदी १६. उंचीला खऱ्या माणसाच्या डोक्यापेक्षा किंचित लहान. यापेक्षा मोठं केलं तर मनगटावर भार येतो.

घडवताना एकच गोष्ट पाळायची: तोंडाची रेघ सरळ आणि आडवी ठेवायची. हसरा, वर वळलेला ओठ छान दिसतो, पण जबडा खाली आला की दोन्ही कोपऱ्यांत वेडीवाकडी फट पडते.

१४ जून

शाडूवर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळून त्यावर थेट वर्तमानपत्राचे थर दिले. सहा थरांनंतर चेहरा सुजल्यासारखा झाला. नाकाची धार गेली, पापण्या बुजल्या. कारण सरळ आहे: बाहेरून दिलेला प्रत्येक थर खाचा भरत जातो. सहा थर मिळून जेवढी जाडी होते तेवढा तपशील गेलाच. साधा गोल चेहरा हवा असेल तर ही पद्धत चालते. नाकीडोळी नीटस चेहरा हवा असेल तर साचा करायला हवा. आठवडा गेला, कागद रद्दीत.

१५ जून

प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा. कानांच्या मागून विभागणी. त्या रेषेवर पत्र्याच्या पट्ट्या खोचून भिंत केली, आधी पुढचा भाग ओतला, कडेला दोन खळगे कोरले, व्हॅसलीन लावलं, मग मागचा भाग. खळग्यांमुळे दोन्ही भाग नंतर बरोबर जागेवर बसतात.

प्रमाण वजनाने: १० भाग पीओपीला ७ भाग पाणी. पीओपी पाण्यात सोडायचं, पाणी पीओपीत नाही. घरातल्या उघड्या पिशवीतलं पीओपी तासाभरानेही नखाने उकरलं जात होतं, कारण त्याने हवेतली ओल धरली होती. दुकानातून बंद पिशवी आणल्यावर तेच मिश्रण वीस मिनिटांत घट्ट झालं. पावसाळ्यात जुनं पीओपी वापरूच नका.

२१ जून

पालख्या शहरात आहेत, त्यामुळे सामानासाठी रविवार पेठेत जाणं नको. घरात आहे त्यावर काम.

साचा आठवडाभर पंख्याखाली होता, आता कोरडा आहे. आतून साबणाचं पाणी लावलं, मग कागद. पहिला थर पातळ टिश्यूचा, पुढचे पाच वर्तमानपत्राचे. रंगीत पान आणि साधं पान आळीपाळीने लावलं की कुठला थर कुठे राहिला ते कळतं. कागद कापायचा नाही, फाडायचा. फाटलेली कड पातळ असते आणि शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते, कापलेल्या कडेची पायरी उठते.

खळ मैद्याची, त्यात मेथीची पूड: अर्धा लिटर खळीला दोन चमचे. मेथीमुळे कीड लांब राहते आणि चिकटपणाही वाढतो. पुस्तकं बांधणारे जुने बाइंडर खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, आणि ही बाहुली मुलं हाताळणार, तोंडात बोटं घालणार. मोरचूद नको.

२५ जून

बुरशी. मागच्या अर्ध्या भागात आतून पांढरे-हिरवे ठिपके आणि कुबट वास. साचा बाहेरून कोरडा वाटला तरी आतला ओलावा सुटत नव्हता आणि हवेतही ओल होती. तो भाग टाकून दिला. पुढचा वाचला.

उपाय: मोठं खोकं, आत साठ वॅटचा पिवळा बल्ब, वर आणि खाली पेन्सिलीएवढी भोकं. आत ४५ अंशांच्या आसपास तापमान राहतं. बल्ब कागदापासून किमान एक फूट दूर, खोक्याच्या कुठल्याही भिंतीला न टेकता, आणि घरात कुणी जागं असतानाच चालू. एलईडी बल्बने हे काम होत नाही, त्याची उष्णता पुरत नाही. दोन थर दिले की खोक्यात, ते पूर्ण वाळले की पुढचे दोन, हा नेम ठेवला. सगळे थर एकदम देऊन वाळवायला ठेवणं हेच बुरशीचं मूळ आहे.

२ जुलै

दोन्ही भाग वाळले, जोडले. जोडावर आतून कापडाची पट्टी खळीने, बाहेरून कागदाचे दोन थर. वजन १९० ग्रॅम.

जोडण्याआधी डोळ्यांच्या खोबणी कापून घेतल्या, हे फार महत्त्वाचं. डोकं बंद झाल्यावर आतून डोळा बसवायला हात जात नाही. टाळूवर मागच्या बाजूला १० × ८ सेमीचं झाकण कापून ठेवलं. पुढची प्रत्येक दुरुस्ती इथूनच होणार, आणि वर टोप आला की दिसतही नाही.

५ जुलै

जबडा. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि सगळ्यात जास्त बाहुल्या इथेच अर्धवट सोडून दिल्या जातात.

ओठांच्या कोपऱ्यांपासून खाली हनुवटीपर्यंत दोन उभ्या रेघा कापून मधला तुकडा वेगळा केला. तो तारेच्या कण्यावर फिरतो. कण्याची जागा चुकली की काहीच चालत नाही. ओठाच्या कोपऱ्याजवळच कणा ठेवला तेव्हा जबडा खाली येण्याऐवजी मागे गेला आणि वरच्या ओठाखाली अडकला. कणा बराच मागे, कानाच्या पाळीच्या रेषेत आणि ओठांच्या उंचीला हवा. आपला जबडाही कानाजवळूनच हलतो. त्यासाठी जबड्याच्या तुकड्याला मागे ७ सेमी लांबीच्या दोन प्लायच्या पट्ट्या जोडल्या आणि डोक्यात आरपार तीन मिमीची तार घातली.

फट दोन्ही बाजूंना दोन मिमी. ओठ १५ मिमी उघडले की पुरे. त्याहून जास्त उघडले तर बाहुली बोलत नाही, ओरडते.

६ जुलै

खटका. डोक्याखाली २८ मिमीचा लाकडी दांडा, जुन्या पडद्याच्या रॉडमधून कापलेला, लांबी ३० सेमी. त्याला अंगठ्याखाली येईल असा प्लायचा खटका, आणि खटक्यापासून जबड्यापर्यंत दोरा. जबडा मिटायला स्प्रिंग.

मासेमारीचा नायलॉन दोरा बसवला होता. तालमीत तो ताणला आणि १५ मिमीचं उघडणं ८ वर आलं. नायलॉन भाराखाली लांबत जातो, गाठ कितीही पक्की असली तरी. त्याजागी सायकलच्या ब्रेकची आतली तार घातली, बाहेरच्या आवरणाचा तुकडा दांड्याला क्लॅम्पने घट्ट बसवला. ती ताणत नाही आणि दांड्याच्या वळणावर घासतही नाही. साठ रुपयांचं काम.

स्प्रिंगच्या जागी रबरबँड लावण्याचा मोह टाळा. महिन्याभरात ते तडकतं, आणि तुटतं ते चालू खेळात. हार्डवेअरच्या दुकानात बारीक ताणाची स्प्रिंग वीस रुपयांना मिळते.

१२ जुलै

जबडा मिटताना 'टक' असा आवाज येतो. खोलीत तो कुणाला जाणवत नाही, पण कॉलर माइक दाजीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक अक्षरामागे ठोका पडतो. वरच्या ओठामागे, जबडा जिथे टेकतो तिथे, मऊ चामड्याची पट्टी चिकटवली. कण्याच्या दोन्ही टोकांना फेल्टच्या चकत्या. आवाज बंद.

१३ जुलै

ठकीला सुरुवात. १२ मिमी फोम, सोफ्याचं काम करणाऱ्याकडून सहा बाय तीनचा तुकडा साडेतीनशेला. फार मऊ फोम घेऊ नका, हात आत गेला की गाल बसतात. बोटाने दाबून लगेच वर येणारा घ्या.

डोकं २० सेमी रुंद. चार पाकळ्या कापून कडा चिकटवल्या की गोलाई येते. कड कापताना सुरी नेहमी फोमला काटकोनात धरायची. तिरपी कापलेली कड जुळत नाही, आणि कापडाखालून तिची रेघ दिसते.

चिकटवायला सिंथेटिक रबरचा गोंद, एसआर ९९८ जातीचा. दोन्ही कडांना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचा. आज बाहेर धो धो पाऊस आणि जोड दुसऱ्या मिनिटाला सुटत होते. दमट हवेत गोंद सुकताना त्याच्या पृष्ठभागावर ओलीचा थर धरतो आणि दोन कडा एकमेकींना धरत नाहीत. केस वाळवायच्या ड्रायरने हलकी गरम हवा दिल्यावर तेच जोड असे बसले की ओढून फोम फाटला, जोड नाही सुटला. काम खिडक्या उघड्या ठेवून करा, त्या गोंदाचा वास डोक्यात जातो. ड्रायर गोंदातला द्राव पूर्ण उडाल्यावरच, ओल्या गोंदावर कधीही नाही.

१९ जुलै

ठकीच्या तोंडाची पट्टी. वरचा आणि खालचा असे दोन अर्धगोल, मध्ये कापडी बिजागरी. जाड पुठ्ठा घामाने दोन दिवसांत मऊ पडला. फलक रंगवणाऱ्याकडे एसीपी शीटचे (दोन्हीकडे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये प्लॅस्टिक) तुकडे फुकट मिळाले. तीन मिमी, हलके, न वाकणारे. कडा मात्र सँडपेपरने घासून बोथट करा, नाहीतर बोटं कापतील. दोन अर्धगोलांत तीन मिमी जागा सोडायची, नाहीतर तोंड पूर्ण मिटत नाही.

आतून वर चार बोटांसाठी आणि खाली अंगठ्यासाठी इलॅस्टिकच्या पट्ट्या. त्या घट्टच हव्यात. पट्टी सैल राहिली की बोट आत सरकतं पण तोंड सरकत नाही, आणि शब्द संपल्यावर ओठ मिटतात.

२० जुलै

फ्लीसचं कापड. लव असलेलं, एका दिशेला ताणणारं. एक मीटर २८० रुपये, या दिवसांत दुकानदाराला माळ्यावरून काढावं लागतं. ताण चेहऱ्यावर आडवा यायला हवा. शिवण मागे आणि हनुवटीखाली. दोन्ही कडांत आळीपाळीने आतून टाके घ्यायचे आणि दोरा ओढायचा, शिवण आत जाते. मग सुईच्या टोकाने लव वर उकरायची. नीट केलं तर हातभर अंतरावरून शिवण सापडत नाही.

२६ जुलै

दोघांचे फोटो मोबाइलवर काढून रंग काढून टाकले, काळेपांढरे केले. ही चाचणी प्रत्येकाने करावी. सुरुवातीची दहा वर्षं मुंबई दूरदर्शन काळंपांढरंच होतं, रंग आला १९८२ मध्ये. त्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या त्यांच्या आठवणीत कपड्यांचे रंग नाहीत, आकार आहेत: नाक, मिशी, टोपी, डोळे. रंगावाचून चेहरा वाचता येत नसेल तर रंगाने तो वाचणार नाही.

दाजी पास. काळ्या मिशा, पांढरी टोपी, गहूवर्णी चेहरा, तिन्ही वेगळे दिसतात. ठकी नापास. तिचे मरून लोकरीचे केस आणि गव्हाळ चेहरा एकाच राखाडी छटेत मिसळले, डोक्याला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळेना. लोकर काढून काळी लावली, लाल रिबीन काढून पांढरी. नव्वद रुपये आणि एक संध्याकाळ.

२७ जुलै

डोळे. सगळ्या प्रकल्पात एकाच कामाला घाई करू नये असं असेल तर ते हे.

टेबल टेनिसचे चेंडू, ४० मिमी, मधोमध कापून. बुबुळं काळ्या फेल्टची, १२ मिमीची चकती. काळ्या चकचकीत बटणात एलईडी दिव्याचा पांढरा ठिपका पडतो, आणि बाहुली मान वळवते तसा तो सरकतो. बघणाऱ्याला वाटतं नजर भरकटली. फेल्टमध्ये हा त्रास नाही.

बुबुळं बरोबर मध्यावर लावली तर बाहुली शून्यात बघते, मेल्यासारखी. दोन्ही बुबुळं नाकाकडे दोन-तीन मिमी सरकवली की नजर एका जागी येते आणि समोरच्याला वाटतं, ही माझ्याकडे बघतेय. आधी ती टाचणीने टोचून ठेवायची, मोबाइल दीड मीटरवर ठेवून पडद्यावर बघायचं, अर्धा-अर्धा मिमी सरकवायचं, आणि मगच चिकटवायचं. आरशात बघून ठरवू नका. आरसा बाहुलीपासून वेगळ्या कोनात असतो आणि डोळ्यांचं गणित तिथेच बिघडतं.

दाजीचे डोळे स्थिर ठेवले. हलणाऱ्या डोळ्यांची यंत्रणा करता येते, पण डोक्यात जागा लागते आणि दुसऱ्या खटक्याला दुसरं बोट. मान नीट वळवता आली की स्थिर डोळेही पुरतात.

२ ऑगस्ट

दाजीचा पक्का रंग. अॅक्रिलिक, तीन पातळ हात, वर मॅट वॉर्निश. चकचकीत वॉर्निशचा एक भाग नमुन्यादाखल रंगवून दिव्याखाली बघितला, कपाळावर पांढरा डाग पडतो. गालांवर किंचित गडद छटा द्या, कॅमेऱ्यात सपाट चेहऱ्याला नाक उरत नाही.

५ ऑगस्ट

जबडा अडकला. दिवसभर झड होती आणि दोन मिमीची फट दोन्ही बाजूंना नाहीशी झाली. रंगाने थोडी खाल्ली होती, उरलेली कागद फुगून गेली. बाहेरून रंग आहे, पण कापलेल्या कडा आणि आतली बाजू उघडीच होती. कागद तिथून ओल पितो.

डोकं दोन दिवस बल्बच्या खोक्यात, मग कडा घासून फट अडीच मिमी, आणि आतून-बाहेरून सगळ्या उघड्या कागदावर लाखेच्या पॉलिशचे दोन हात. हे पॉलिश रंगाच्या आधीच द्यायला हवं. पुण्यात वा कोकणात कुणी हे करत असेल तर ही पायरी वगळू नका, कोरड्या हवेतल्या सूचनांत ती सापडणार नाही.

९ ऑगस्ट

मंच. एक इंची पीव्हीसी पाइप आणि काळं कापड, दोन्ही मिळून चौदाशे. आडवी पट्टी उभ्याने हात वर धरून खेळायच्या हिशेबाने १६५ सेमीवर बांधली होती. ते इथे जुळत नाही. दाजीला धरणारा माणूस चौकटीत दिसायला हवा, तो शब्दभ्रमकार आहे. ठकीला धरणारा मात्र दिसता कामा नये. दोघांची उंची वेगळी हवी.

पाइप कापून पट्टी १०५ सेमीवर आणली. दाजीवाला ७५ सेमीच्या उंच स्टुलावर, दाजी त्याच्या डाव्या मांडीवर. ठकीवाला पाटावर, जमिनीलगत, हात वर. बसलेल्या माणसाचं डोकं पट्टीखाली राहतं आणि ठकीचे डोळे जमिनीपासून १३० सेमीवर येतात, दाजीच्या डोळ्यांच्या रेषेत. कॅमेऱ्याची काचही त्याच उंचीवर. कॅमेरा वर असला की बाहुल्या लहान आणि केविलवाण्या दिसतात.

१० ऑगस्ट

मॉनिटर. टीव्हीसाठी बाहुली खेळवणारे बाहुलीकडे बघत नाहीत, पडद्याकडे बघतात. अमेरिकेत जिम हेन्सन यांनी १९५५ पासून छोट्या स्थानिक कार्यक्रमात हीच सवय पक्की केली: मंचाची चौकट काढून टाकली, टीव्हीची चौकट हाच मंच मानला, आणि कॅमेऱ्याला दिसतं तेच खेळवणाऱ्यालाही दाखवलं. ठकीवाल्याच्या समोर जमिनीवर, थोडा तिरपा ठेवलेला जुना मॉनिटर हे काम करतो.

मोबाइलचं चित्र वायरलेसने पाठवलं तेव्हा ते मागे पडलं. शब्द आधी, तोंड नंतर. त्याजागी यूएसबी-सी ते एचडीएमआय जोडणी (नऊशे), दोन फाटे करणारा स्प्लिटर (सहाशे), हॉलपर्यंत दहा मीटर केबल (सातशे). विकत घेण्याआधी तपासा, सगळे मोबाइल त्या पोर्टातून चित्र देत नाहीत. फोन विमान मोडवर, नाहीतर मधेच आलेला कॉल थेट टीव्हीवर उमटतो.

पडद्यावर डावं-उजवं उलट वाटतं: हात उजवीकडे नेला की ठकी डावीकडे जाते. चित्र आरशासारखं फिरवून बघितलं. खेळवणं सोपं झालं, पण टीव्हीवर 'व्यत्यय' ही पाटी उलटी दिसू लागली. चित्र सरळच ठेवलं. हाताला सवय होते, आठवडाभर रोज अर्धा तास दिला तर.

ती 'व्यत्यय' पाटी, जुन्या दूरदर्शनवर कार्यक्रम खंडित झाला की दिसायची तशी, बाहुल्या बदलताना कॅमेऱ्यासमोर धरायची. आजी-आजोबा ओळखतील.

१६ ऑगस्ट

तोंड आणि शब्द. नव्या हाताचा दोष नेहमी एकच: अक्षरावर तोंड मिटतं. उघडायचं अक्षरावर, मिटायचं दोन अक्षरांच्या मध्ये. आणि ठकीच्या तोंडाचा वरचा भाग हलवायचा नाही. चार बोटं स्थिर, अंगठा खाली. बोटं वर गेली की प्रत्येक शब्दाला ती आकाशाकडे बघते आणि इतक्या मेहनतीने लावलेली नजर वाया जाते. प्रत्येक अक्षराला तोंड उघडायचीही गरज नाही. 'कुठे गेला होतास' याला चार उघडणी पुरतात.

हात चार मिनिटांत थकतो आणि ठकी हळूहळू पट्टीखाली बुडू लागते. म्हणून प्रवेश तीन-तीन मिनिटांचे, मध्ये पाटी. ठकीचं वजन ४१० ग्रॅम आहे, साडेचारशेच्या वर जाऊ देऊ नका.

१७ ऑगस्ट

शब्दभ्रमासाठी संहिता पुन्हा लिहिली. दात जवळजवळ मिटलेले, ओठ किंचित विलग, आवाज जिभेने घडवायचा. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटावेच लागतात. व ला खालचा ओठ दाताला लागतो, पण तो जरा सैल सोडून भागतो.

मराठीत पहिली अडचण 'मी'. बाहुलीला 'मी' म्हणता येत नाही, 'आम्ही' नाही, 'तुम्ही' नाही. म्हणून दाजी स्वतःला दाजीच म्हणतो: "दाजीला काय विचारता?" त्यातून त्याचा एक तोरा आपोआप तयार झाला, तो ठेवून दिला. दोन्ही नावांत ओठांचं अक्षर नाही, ती निवडलीच तशी. 'पण' च्या जागी 'तरी', 'मग' च्या जागी 'नंतर', 'म्हणजे' च्या जागी 'सांगायचं तर'. 'पाऊस' टाळता आला नाही. तिथे प च्या जागी जिभेचं टोक दातांमागे हलकं लावून त चा अस्पष्ट उच्चार करायचा आणि पुढच्या अक्षरावर घाईने जायचं. वाक्याच्या मध्यावर असला तर कान तो प म्हणूनच ऐकतो, सुरुवातीला असला तर पकडला जातो.

आणि गणपतीचा खेळ, तेव्हा 'गणपती बाप्पा मोरया' आलंच. त्या तीन शब्दांत प, ब, प्प, म. दाजी 'गणराय' म्हणतो, त्यात ओठाचं एकही अक्षर नाही. जयघोषाची हाक शब्दभ्रमकार स्वतःच्या आवाजात उघडपणे देतो, 'मोरया' मुलं म्हणतात. दाजी तेवढा वेळ तोंड उघडून कॅमेऱ्याकडे बघतो.

शब्दभ्रमकाराने बोलताना दाजीकडे बघायचं, आणि दाजी बोलताना तर नक्कीच. बघणाऱ्यांची नजर आपल्या नजरेमागे जाते. कॅमेऱ्याकडे बघत राहिलं की सगळे ओठच बघतात.

२४ ऑगस्ट

पूर्ण तालीम. मुलांची उत्तरं शेजारच्या खोलीत ऐकू येत नव्हती. दार उघडं ठेवलं तर टीव्हीचा आवाज माइकमध्ये शिरून शीळ घालतो. दुसऱ्या फोनवरून हॉलमधल्या एकाला कॉल लावून ठेवला आणि एका कानात इअरफोन. हे जमल्यावर दाजी मुलांच्या नावाने उत्तरं देऊ लागला.

३० ऑगस्ट, शनिवार

खेळ झाला. ठकीचा डावा हात हलवायची तारेची काडी दुसऱ्या प्रवेशात त्या हाताच्या पंजातून निसटली. तीन मिमीची तार पंजाच्या फोममध्ये नुसती खोचून चालत नाही, टोकाला वळण देऊन ते कापडाच्या खिशात शिवायला हवं. ठकीवाल्याने तो हात पट्टीखाली नेला आणि पुढचा प्रवेश एका हाताने केला. कुणी विचारलं नाही.

टीव्हीशी मुलं लगेच बोलू लागली. खेळानंतर दोन्ही बाहुल्या हॉलमध्ये आणल्या, तेव्हा तीन-चार वर्षांची मुलं मागे सरकली आणि मोठी पुढे आली. लहानांसाठी बाहुली हातात धरून आधी तिला दुसरीकडे बघू द्यायचं, मूल जवळ येईपर्यंत तिची नजर त्याच्याकडे वळवायची नाही. दाजीचा खटका मोठ्या मुलांना दाखवला. टाळूचं झाकण उघडून आतली ब्रेकची तार दाखवली, तरी झाकण लावल्यावर ती पुन्हा दाजीशीच बोलत होती.

७ सप्टेंबर

कालच विसर्जन झालं. आवराआवर आणि हिशेब: सगळं मिळून सहा हजार दोनशेच्या आसपास, त्यातले सहाशे वाया गेलेल्या कागद, पीओपी आणि पाइपवर. मॉनिटर आणि कॉलर माइक मागून आणलेले, मोबाइल घरचा.

ठकीचं तोंड अर्धवट उघडं ठेवून आत वर्तमानपत्राचा बोळा, नाहीतर फोमला मिटल्याची घडी पडते. ती कपाटात उभी ठेवायची, आडवी नाही. दाजीचा दांडा काढून वेगळा, स्प्रिंगवरचा ताण सोडून, डोकं सुती कापडात गुंडाळून डब्यात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, दर महिन्याला उन्हात वाळवून परत. ठकीच्या दोन्ही काड्यांना खिसे शिवून झाले. साचा शाबूत आहे, त्यातून आणखी चार-पाच डोकी सहज निघतील. पुढचं डोकं मार्चमध्ये, उन्हात.